पेकिंग, पेइपिंग व बेजिंग

चीनविषयक जुने नकाशे, पत्रें व प्रवासवृत्तें यांची सूची करतांना इंग्रजींतील ‘पेकिंग’ वा ‘पेइपिंग’ या नांवांच्या जागीं सरसकट ‘बेजिंग’ घालण्याचा प्रघात पडला आहे. वाचकांच्या सोयीसाठीं हें केलें जातें खरें. परंतु तेणेंकरून साधनांतील पुरावाच नष्ट होतो.

‘पेकिंग’ व ‘बेजिंग’ हीं वस्तुतः दोन नांवें नव्हेत. मूळ नांव एकच असून त्याचा अर्थ ‘उत्तरेकडील राजधानी’ असा आहे. ‘पेकिंग’ हें रूप मार्टिनो मार्टिनी या जेसुइटाच्या १६५५ च्या नकाशासंग्रहांत आढळतें. त्यांतील ‘क’ यूरोपीयांच्या अज्ञानाचा द्योतक नव्हे. पुढें उत्तरेच्या बोलींत तो वर्ण तालव्य झाला, त्यापूर्वींच्या उच्चाराची ती खूण होय. १९५८ सालीं चीननें नवी रोमन लेखनपद्धति स्वीकारली व १९७९ पासून आपल्या परभाषीय प्रकाशनांत ती योजिली. तेव्हांपासून ‘बेजिंग’ रूढ होत गेलें. हा फरक लेखनाचा आहे, नांवाचा नव्हे.

‘पेइपिंग’ची गोष्ट निराळी. तें स्वतंत्र नांव असून त्याचा अर्थ ‘उत्तरेकडील शांति’ असा होतो. मिंग वंशाच्या आरंभीं, १३६८ पासून १४०३ पर्यंत, तेंच प्रचारांत होतें. राजधानी नानकिंगास गेल्यावर १९२८ सालीं राष्ट्रीय सरकारनें त्याचें पुनरुज्जीवन केलें. १९३७ नंतर जपानी अंमलाखालीं जुनें नांव परत आलें, १९४५ सालीं पुनः गेलें व १९४९ सालीं कायम झालें. तेव्हां १९४० च्या एखाद्या पत्रांत ‘पेइपिंग’ आहे कीं ‘पेकिंग’, यावरून लेखक कोणती सत्ता मानीत होता याचा धागा मिळूं शकतो. सूचिकारानें दोहोंचें ‘बेजिंग’ केलें कीं तो धागा तुटला.

मात्र केवळ लेखनावरून कालनिर्णय करणेंही धोक्याचें आहे. तेथील विश्वविद्यालय आपलें इंग्रजी नांव आजही ‘पेकिंग’ असेंच लिहितें. नांवाची साक्ष कागद, शाई व मजकूर यांच्या साक्षीशीं ताडून पाहिली पाहिजे.

सारांश, सूचींत मूळ रूप जसेंच्या तसें उतरावें व प्रचलित नांव चौकटी कंसांत द्यावें. सोय कंसानें साधते. पुसलेलें अक्षर मात्र मूळ कागद हातीं आल्याखेरीज परत मिळत नाहीं.