कावळा गेला, बांगड्यांचं काय?

मैताच्या घरी वाद घालू नये म्हणतात. म्हणून हे तिथं नाही, इथं लिहिते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. सहावी श्राद्ध-पिंडदान नाकारणारी, आठवी ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करून घेण्याची. दोन प्रतिज्ञा सरळ मरणाशी भिडतात, हे उगाच नाही. गावगाड्यात सरणाची लाकडं वाहायची महारानं, परगावी मरणाचा सांगावा न्यायचा महारानं, मेलेलं ढोर ओढायचं महारानं. आत्मा पार करायचा हक्क मात्र भटाचा. ओझं इकडं, दक्षिणा तिकडं. (आणि मरणाचे विधी करणाऱ्या किरवंताला त्याचेच जातभाई खालचा समजतात. प्रेमानंद गज्वींनी त्यावर नाटकच लिहिलं.)

बुद्धानं हा धंदा कधीच ओळखला होता. संयुत्तनिकायात एक गावमुखी त्याला म्हणतो, ब्राह्मण मेलेल्याला स्वर्गात चढवतात, तुम्ही साऱ्या जगाला चढवाल का? बुद्ध उलट विचारतो: डोहात धोंडा टाकला आणि काठावर गर्दीनं हात जोडून 'वर ये' म्हटलं, तर धोंडा तरंगेल? आणि तुपाचं मडकं पाण्यात फुटलं, तर बूड म्हटल्यानं तूप बुडेल? जगताना जे केलं तेच खरं, मागून कुणाच्या मंत्रानं ते बदलत नाही.

दहाव्याला पिंड मांडून कावळ्याची वाट बघायची, नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववायचा, हे आपण सोडलं. मोठं काम झालं. आता त्रिशरण-पंचशील, मेणबत्ती, पुण्यानुमोदन. कुणी त्याला जलदान म्हणतात. पुण्य मेलेल्याला वाटून द्यायची चाल थेरवादी देशांत जुनी आहे, पाली सुत्तातही आहे. तेव्हा ती भटाकडून उचलली म्हणणारे चुकतात. माझा आक्षेप पाण्याला नाही, तारखेला आहे. फिरून काही घरांत दहावा नाहीतर तेरावा दिवसच का? आणि वर उसनवारी करून जेवणावळ!

खरं दुखणं पुढंच आहे. प्रेत दारात असतं. बौद्धाचार्य वंदना घेतात. आणि तेव्हाच आतल्या खोलीत बायका तिच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. बाहेर कार्यकर्ते उभे. काच फुटल्याचा आवाज एवढा लहान असतो का भावांनो? विचारलं तर उत्तर तयार: प्रतिज्ञेत बांगड्यांचं नाव कुठंय? ते बायकांचं बायका बघतील. प्रतिज्ञा म्हणजे काय सातबारा आहे, नाव नाही तर हक्क नाही? नवव्या प्रतिज्ञेनं सगळी माणसं समान मानली. विधवा त्यात येते की नाही? बायको मेली तर नवऱ्याच्या अंगावरचं काय उतरवता? वर्ष सरायच्या आत त्याच्यासाठी पोरगी बघायला निघता.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून तोच कित्ता राज्यभर घालून दिला. चांगलंच झालं. पण प्रतिज्ञा पाठ असलेल्या वस्तीला परिपत्रकाची वाट बघावी लागते, याला काय म्हणायचं?

बौद्धाचार्यांनी वंदनेआधी दारात उभं राहून सांगावं, या घरात बांगडी फुटणार नाही. विधीच्या पुस्तिका छापणाऱ्यांनी तेवढी एक ओळ घालावी. आणि तिला, तिच्या मुलींना स्मशानापर्यंत चालू द्यावं. खांदा द्यायचा म्हणाल्या तर बाजूला सरावं.