यंत्राचे अनुमान आणि उपाधीचा प्रश्न : ‘डीप मेडिसिन’च्या निमित्ताने

अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एरिक टोपॉल यांचा ‘डीप मेडिसिन’ हा ग्रंथ २०१९ साली प्रसिद्ध झाला. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि अंगावर वागवावयाची, परस्परांशी जोडलेली उपकरणे यांच्या साह्याने आरोग्यसेवा कशी सुधारता येईल, याचा विचार करणाऱ्या ग्रंथांत त्याचे स्थान बरेच वरचे आहे. त्यातील वैद्यकाची परीक्षा वैद्यांनी करावी. प्रस्तुत लेखकाचा तो अधिकार नव्हे. परंतु ग्रंथाचा खरा विषय रोग हा नसून रोगाविषयीचे अनुमान हा आहे, आणि अनुमानाची चर्चा आपल्याकडे बरीच जुनी आहे. त्या बाजूने पाहता या ग्रंथात एक मोठी उणीव राहिली आहे असे आम्हांस वाटते.

टोपॉल यांच्या विवेचनात खोली तीन प्रकारची आहे. पहिली रुग्णाच्या माहितीची : त्याची जनुके, हृदयाचे ठोके, झोप, रक्तातील साखर, राहणीमान, हे सर्व उपकरणांनी टिपून घ्यावे. दुसरी यंत्राच्या शिक्षणाची : या राशीतून यंत्राने आकृतिबंध ओळखावेत. तिसरी सहानुभूतीची : यंत्राने वाचविलेला वेळ डॉक्टराने रुग्णाशेजारी बसण्यात घालवावा. हा क्रम लक्षात ठेवावा. सहानुभूती तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि ती पहिल्या दोहोंचे फळ म्हणून आली आहे.

ग्रंथाचा आरंभ लेखकाच्या स्वतःच्या गुडघ्याच्या हकीकतीने होतो. २०१६ साली त्यांच्या गुडघ्याचा सांधा बदलण्यात आला. त्यानंतर वेदना असह्य झाल्या, पाय वाकेना. तरीही नेहमीचा जोरकस व्यायाम चालूच राहिला, आणि शल्यवैद्यांनी तर नैराश्यावरील औषध घेऊन पाहा असाही सल्ला दिला. लेखकाला लहानपणापासून सांध्याचा एक विरळा विकार होता. असा विकार असणाऱ्यांना हा उपद्रव होण्याचा संभव अधिक असतो, ही गोष्ट वैद्यकीय वाङ्मयात नमूद होती. उपचार करणाऱ्यांच्या ध्यानात ती नव्हती. यावरून टोपॉल असा निष्कर्ष काढतात की सर्व वाङ्मय पचविलेले यंत्र हाताशी असते, तर त्याने पूर्वसूचना दिली असती.

निष्कर्ष चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्याचा पाय दुखत होता तो रुग्ण स्वतः नामवंत डॉक्टर होता आणि बोलत होता. त्याच्या बोलण्याचा उपयोग पुरावा म्हणून झाला नाही. मनाच्या अवस्थेचे लक्षण म्हणून झाला. ही चूक स्मरणाची खासच नव्हे.

येथे न्यायशास्त्रातील दोन गोष्टींचे स्मरण करून देणे अवश्य आहे. धूर व अग्नी यांचे साहचर्य वारंवार पाहिल्याने व्याप्ती कळते काय, हा तेथील जुना वाद आहे. वारंवार पाहणे म्हणजे भूयोदर्शन एवढ्यानेच व्याप्ती सिद्ध होत नाही, असे गंगेशोपाध्यायांनी ‘तत्त्वचिंतामणी’त प्रतिपादिले. पार्थिव वस्तू लोखंडाने कोरली जाते हे शंभर ठिकाणी पाहिले तरी हिऱ्यापाशी नियम मोडतो, हे त्या परंपरेतील प्रसिद्ध उदाहरण. साहचर्याच्या ज्ञानाबरोबर व्यभिचाराचे ज्ञान नसणे, आणि व्यभिचाराची शंका दूर झालेली असणे, हेही तितकेच आवश्यक. दुसरी गोष्ट उपाधीची. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणणारा फसतो, कारण धूर निघतो तो ओल्या इंधनाच्या संयोगाने. जो धर्म साध्याला व्यापतो पण हेतूला व्यापत नाही तो उपाधी. आणि अशा उपाधीने युक्त हेतू व्याप्यत्वासिद्ध ठरतो. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

यंत्राचे शिक्षण हे भूयोदर्शनाचे आजवरचे सर्वांत मोठे रूप होय. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी मधुमेहींच्या नेत्रपटलाविषयीचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील यंत्राला सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रे दाखविण्यात आली होती, आणि त्यांपैकी काही भारतातील नेत्ररुग्णालयांतून आली होती. एवढी छायाचित्रे कोणताही वैद्य जन्मात पाहणार नाही. तथापि उपाधीचा प्रश्न संख्येने सुटत नाही. ओल्या इंधनाचे लाख अग्नी दाखविले, तर यंत्राचा ‘जेथे अग्नी तेथे धूर’ हा विश्वास अधिकच दृढ होईल.

हे केवळ शास्त्रार्थासाठी म्हणत नाही. रिच कारुआना व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पुढील घटना आहे. न्यूमोनिया झालेल्या रुग्णांपैकी कोणास रुग्णालयात ठेवावे व कोणास घरी पाठवावे, हे ठरविण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात अनेक पद्धती तपासण्यात आल्या. त्यांपैकी एका पद्धतीने आकडेवारीतून असा नियम काढला की ज्याला दमा आहे त्याला न्यूमोनियाने मृत्यू येण्याचा संभव कमी. नियम आकडेवारीशी तंतोतंत जुळणारा होता. पण दम्याच्या रुग्णास न्यूमोनिया झाला की त्याला बहुधा थेट अतिदक्षता विभागात नेत आणि त्याच्यावर कसून उपचार होत. म्हणून तो वाचे. दमा हा हेतू, मृत्यूचा अल्प संभव हे साध्य, आणि तत्पर उपचार ही उपाधी. नियमावर विसंबून अशा रुग्णास घरी पाठविले असते, तर उपाधी नाहीशी झाली असती आणि रुग्णही.

कोणी काटेकोर नैयायिक येथे हरकत घेईल : न्यायातील व्याप्ती निरपवाद असते, यंत्र केवळ संभव सांगते, तेव्हा ही संज्ञा येथे कशी लागू पडावी? हरकत रास्त आहे. संज्ञा येथे थोडी सैल करून वापरली आहे, हे मान्य करतो. पण दोषाची जात तीच आहे. शिवाय या घटनेतील एक तपशील नैयायिकालाही आवडावा असा आहे. सर्वांत अचूक ठरलेली पद्धत मज्जातंतूंच्या जाळ्याच्या धर्तीची होती आणि तिच्या पोटात काय आहे ते वाचता येत नव्हते. दम्याचा नियम दिसला तो तिच्याहून कमी अचूक पण वाचता येण्याजोग्या पद्धतीत. एक दोष उघडा पडला; न वाचता येणाऱ्या पद्धतीत असे आणखी किती असतील हे सांगता येईना, म्हणून ती बाजूस ठेवण्यात आली. शंकित उपाधीनेसुद्धा अनुमान थांबते, हा न्यायाचा दंडक तेथे न कळत पाळला गेला.

२०१९ सालीच, टोपॉल यांच्या ग्रंथानंतर काही महिन्यांनी, ‘सायन्स’ या नियतकालिकात झियाद ओबरमायर व इतरांचा निबंध आला. अमेरिकेतील रुग्णालये ज्या गणितपद्धतीने अधिक देखभालीची गरज असणारे रुग्ण निवडत, ती पद्धत गरजेचे मोजमाप म्हणून उपचारावरील खर्च धरीत असे. खर्च कमी, तस्मात् गरज कमी. ज्यांना उपचार सारखेच सुलभ आहेत त्यांच्यापुरते हे काही अंशी खरे. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत असे. म्हणून यंत्राने त्यांना अधिक निरोगी ठरविले. दोष दूर केला असता अधिक देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे निबंधकारांनी दाखविले. यंत्राला वंशाची माहिती दिलेलीच नव्हती, हे विशेष.

यावर टोपॉल यांच्या पक्षाचे उत्तर ठरलेले आहे : माहिती अधिक खोल करा, उपकरणे वाढवा. परंतु उपकरण स्वतःच सोपाधिक असेल तर? बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश त्वचेतून पार करते आणि त्यांच्या शोषणाच्या प्रमाणावरून अनुमान करते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन येथील संशोधकांनी दाखविले की उपकरण ९२ ते ९६ हा आकडा दाखवीत असताना प्रत्यक्ष रक्ततपासणीत प्राणवायू ८८ टक्क्यांहून कमी असल्याचे श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के तपासण्यांत आढळले, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के तपासण्यांत. त्याच वर्षी सप्टेंबरपासून महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन पथके घरोघर फिरत होती. त्या आकड्याने अनेकांस वेळेवर रुग्णालयात पोहोचविले, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की आकडा चांगला आला आणि माणूस धापा टाकीत असला, तर पथकाने कोणाचे ऐकावयाचे होते?

आता टोपॉल यांच्या क्रमाकडे पुन्हा वळू. उपाधी ही बहुधा माहितीच्या राशीबाहेर असते. राशीत असती तर ती हेतूतच धरली गेली असती. ती ठाऊक असते ती दम्याच्या रुग्णाला कोठे हलवितात हे पाहिलेल्या डॉक्टराला, परिचारिकेला, स्वतः रुग्णाला. तेव्हा रुग्णाचे म्हणणे ऐकणे हा वाचलेल्या वेळात करावयाचा शिष्टाचार नसून तो अनुमानाचाच एक अवयव आहे. टोपॉल त्यास फळ मानतात. तो पायात असावयास हवा. ऐकणे शेवटी ढकलले की यंत्राची चूक ज्याला दिसली असती तो साक्षीदारच प्रथम दूर होतो. यंत्राच्या उणिवांवर त्यांनी एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे, आणि ते प्रामाणिक आहे. परंतु त्या उणिवा यंत्राच्या पुढील आवृत्तीत दूर होतील असा त्याचा सूर आहे. वाचलेला वेळ रुग्णालयाचे व्यवस्थापन आणखी रुग्ण तपासण्याकडे वळवील, ही भीती मात्र त्यांनी स्वतःच बोलून दाखविली आहे, आणि डॉक्टरांनी संघटित व्हावे असेही सुचविले आहे.

वर उल्लेखिलेल्या नेत्रपटलाच्या यंत्राचे पुढे काय झाले ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. २०१८-१९ मध्ये ते थायलंडमधील अकरा दवाखान्यांत नेण्यात आले. तेथील परिचारिकांनी घेतलेल्या १८३८ छायाचित्रांपैकी सुमारे २१ टक्के यंत्राने दर्जाअभावी नाकारली. खोल्यांत पुरेसा अंधार करता येत नसे. इंटरनेट संथ असे. छायाचित्र नाकारले गेले की रुग्णाला दूरच्या रुग्णालयात जाण्यास सांगावयाचे, हा नियम होता. त्याचा दिवसाचा रोजगार बुडे. छायाचित्रात रोग नाही हे स्वतःला दिसत असतानाही त्याला हेच सांगण्याची पाळी काही वेळा परिचारिकेवर येई. २०२० साली प्रसिद्ध झालेला हा वृत्तांत गूगलच्याच संशोधकांनी लिहिला, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

याच्या शेजारी गडचिरोलीतील एक उपकरण ठेवून पाहावेसे वाटते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना, अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी श्वासमोजणीचे एक साधन तयार केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी ठरावीक मण्यापर्यंत पोहोचल्यास न्यूमोनिया समजावा. ओळी दोन, कारण तान्ह्या बाळाची मर्यादा वेगळी. त्याचे वर्णन १९९२ साली प्रसिद्ध झाले. हेही यंत्रच, आणि त्याचे अनुमानही सोपाधिक असू शकते : मूल रडत असेल तर श्वास वाढलेला असतो. पण हेतू मोजणारीच्या बोटांखालून सरकत असतो आणि मूल तिच्या मांडीवर असते. ते रडत असेल, तर ती थांबते, त्याला शांत करते, आणि वाळू पुन्हा उलटी करते.