हैदराबादचे स्वातंत्र्य आणि वज्जींचा निकष

हैदराबाद संस्थान स्वतंत्र राहिले असते तर मराठवाड्याचा इतिहास निराळा झाला असता, असे प्रतिपादन अधूनमधून वाचावयास मिळते. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत परभणी जिल्हा, देवगाव फाट्याच्या परिसरासह, भारतीय संघराज्याबाहेर होता हे खरे. परंतु या कल्पनेत स्वतंत्र राहतो तो निजाम, रयत नव्हे.

महापरिनिब्बान सुत्तात मगधाचा अमात्य वस्सकार वज्जींना जिंकण्याचा विचार घेऊन येतो. तथागत त्याच्यादेखत आनंदांना विचारतात, वज्जी वारंवार सभा भरवितात काय? एकत्र बसून एकत्र उठतात काय? सात अपरिहानीय धम्मांत सैन्य व खजिना यांना स्थानच नाही. (वज्जींची सत्ताही क्षत्रिय कुळांपुरतीच होती, हे आपण सोयीने विसरतो.) फूट पाडल्याखेरीज वज्जी युद्धात हरणार नाहीत, हे वस्सकाराने तेथेच ओळखले. हैदराबाद मात्र पाच दिवसांत कोसळले. तेथे फूट आधीच होती.

ती अस्पृश्य समाजातही होती. बी. श्यामसुंदर संस्थानाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रसंघात गेले. बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्येच अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये असे बजावले होते. बहुसंख्याकांपासून आमचे रक्षण कोण करणार, हा श्यामसुंदरांच्या भूमिकेमागील प्रश्न खोटा नव्हता. विलीनीकरणाच्या वेळच्या हिंसाचारात सुंदरलाल समितीच्या अंदाजाप्रमाणे २७ ते ४० हजार माणसे, बहुतांशी मुसलमान, मारली गेली. जर-तरचे लेखक निजामाच्या विमानतळांची व टपाल तिकिटांची वर्णने करतात. या प्रश्नाला हातही लावीत नाहीत.