यादीतली औषधं की कपाटातली?

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या चिठ्ठ्या अभ्यासायच्या म्हटलं की आपण जागतिक आरोग्य संघटनेचे १९९३ चे निर्देशक उचलतो. त्यातला एक : लिहिलेल्या औषधांपैकी अत्यावश्यक यादीतली किती टक्के? समजा, ९५ टक्के आली. लगेच ‘डॉक्टर विचारपूर्वक औषधं लिहितात’ असा निष्कर्ष काढू नका. पुरवठाच यादीतला होत असेल, तर डॉक्टर कपाटात आहे तेच लिहिणार. बाळाच्या न्यूमोनियाला अमॉक्सिसिलिन हवं, ते संपलं म्हणून यादीतलंच को-ट्रायमोक्साझोल दिलं, तरी टक्केवारी तशीच राहते! त्याच पुस्तिकेत औषध-उपलब्धतेचाही निर्देशक आहे. आपण तो वेगळ्या तक्त्यात टाकून विसरतो. प्रत्येक चिठ्ठीसोबत निदान आणि त्या दिवसाचा साठा नोंदवा. नाहीतर डॉक्टरचा निर्णय मोजला की गोदामाचा, हे कळणारच नाही.