'सुरक्षित औषध' हे अर्धे वाक्य आहे

टेबलावर आम्ही तीन वस्तू मांडल्या आहेत. सर्दीच्या गोळ्यांची एक पट्टी, ॲलर्जीच्या गोळ्यांची दुसरी पट्टी आणि लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची एक बाटली. आपल्या डांगे चौकात कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतील अशा. आयुष्यभर आम्ही विद्यार्थ्यांना ग्रंथ कसा वाचावा हे शिकवले. आज हे तीन मजकूर त्याच रीतीने वाचायचे आहेत. हसू नका, बरं का. यातले एकेक अक्षर आम्ही किंमत मोजून वाचायला शिकलो आहोत.

झाले असे. आम्हाला सर्दी झाली. दुकानात गेलो आणि म्हणालो, "सर्दीवर काहीतरी सेफ द्या." मिळाली पट्टी. दुसऱ्या रात्री लघवी अडकली. पहाटे रिक्षा करून दवाखाना गाठला, नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, "सर, तुमचं प्रोस्टेट वाढलंय हे तुम्हाला ठाऊक होतं. मग ही गोळी का घेतलीत?" पट्टी उलटी करून पाहिली तर कारण तिथेच छापलेले: क्लोरफेनिरामिन. ज्याचा व्यवसायच वाचण्याचा, त्याने दोन बोटे रुंदीचा मजकूर वाचला नव्हता. दुकानदाराला काय बोलणार? आमचा प्रश्नच चुकला होता.

कसा चुकला, ते सांगतो. कोणी म्हणाले, "आमचं घर जवळ आहे," तर आपण विचारतो, कशाच्या जवळ? 'जवळ' हा शब्द एकटा उभा राहत नाही. 'सुरक्षित' हा शब्दही तसाच आहे. कोणाला सुरक्षित, कशासाठी, किती मात्रेत, दुसऱ्या कोणत्या औषधाबरोबर? हे सांगितल्याशिवाय 'सुरक्षित औषध' हे अर्धेच वाक्य राहते. उरलेले अर्धे दुकानदाराला ठाऊक नसते. ते आपल्या शरीरात असते.

आता पहिला मजकूर. पट्टीवर ब्रँडचे नाव ठसठशीत, आणि खाली बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन आणि कॅफिन. चार औषधे, मध्ये 'आणि'. तर्कशास्त्रात 'आणि'ने जोडलेले विधान खरे ठरायला त्याचा प्रत्येक भाग खरा असावा लागतो. इथे तोच नियम लावा. ताप नसेल, अंग दुखत नसेल, तर पॅरासिटामॉल कशाला? नाक चोंदले नसेल तर फेनिलेफ्रिन कशाला? आणि चोंदले असले तरी? सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितले की तोंडाने घेतलेले फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळे करत नाही. रक्तदाब असलेल्याने मात्र ते जपूनच घ्यावे. म्हणजे गुण शंकास्पद आणि जोखीम आपल्या पदरी.

'आणि'चा आणखी एक घोळ. सर्दीची ही गोळी दिवसात चार वेळा घेतली, वर ताप म्हणून 650 ची पॅरासिटामॉल चार वेळा घेतली, तर 2000 आणि 2600 मिळून 4600 मिलिग्रॅम होतात. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 धरतात, यकृत नाजूक असेल तर त्याहून कमी. गोळ्यांची नावे दोन, रंग दोन, औषध एकच. ब्रँडच्या नावावर विसंबणारा इथे फसतो.

मग औषधाचे खरे नाव मोठे छापायला सरकार सांगत नाही का? सांगते. 2018 मध्ये नियम बदलला: औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा दोन आकारांनी मोठे छापावे. पण तीन किंवा अधिक औषधांचे मिश्रण असेल तर या नियमातून सूट. सर्दी-खोकल्याची बरीचशी औषधे याच सुटीत बसतात. जिथे वाचायला सर्वांत जास्त आहे, तिथेच अक्षर लहान राहिले. समीक्षक म्हणून आमचा पहिला आक्षेप हा. दुसरा भाषेचा. आपल्या थेरगावात लातूर-बीडपासून बिहारपर्यंतची माणसे राहतात, आणि इशारा बहुधा इंग्रजीत. वाचकाला न कळणाऱ्या भाषेत दिलेला इशारा हा छापणाऱ्याचा बचाव असतो, वाचकाचा नव्हे.

आणि याची झळ कोणाला लागते? आपल्या पट्ट्यात रात्रपाळी करून प्रेस मशीनवर उभा राहणाऱ्या पोराला. क्लोरफेनिरामिनने झोप येते, लक्ष ढळते. आमच्या बाबतीत नळीवर निभावले. त्याच्या बाबतीत बोटे जातील. पाळीवर जाणाऱ्याने, रिक्षा किंवा टेम्पो चालवणाऱ्याने दुकानात पहिल्यांदा हेच सांगावे: "मला मशीनवर उभं राहायचंय."

दुसरा मजकूर, ॲलर्जीचा. धूळ, परागकण, सटासट शिंका, डोळ्यांना खाज. इथे जुन्या पिढीच्या औषधांपेक्षा नवी बरी. फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन यांनी झोप कमी येते. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन यांनी काहींना पेंग येते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. पण ही पट्टी नीट पाहा. इथेही 'आणि' आहे: लिव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट. यातल्या मॉन्टेलुकास्टवर मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपला सर्वांत कडक इशारा लावला. काही जणांत झोप बिघडणे, चिडचिड, नैराश्य, अगदी आत्महत्येचे विचारही दिसले म्हणून. ज्याला दम्यासाठी ते लागते त्याने मनाने बंद करू नये. पण नुसत्या शिंकांसाठी, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून, महिनोन्‌महिने घेऊ नये.

नाकात टाकायच्या ऑक्सिमेटाझोलिनसारख्या थेंबांचेही तेच. दोन-तीन दिवस ठीक. पुढे चालू ठेवले तर थेंबांमुळेच नाक चोंदू लागते. आणि आपल्या वयाच्या मंडळींसाठी एक: कोरडा खोकला हटत नसेल तर सिरप शोधण्याआधी रक्तदाबाची गोळी पाहा. एनालाप्रिल, रामिप्रिल यांनी काहींना खोकला लागतो. मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा; क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

आता बाटली. इथे आमची वाचनविद्या थकते. न्यायशास्त्रात शब्दप्रमाण मानले आहे: आप्ताचे वचन ग्राह्य. आप्त कोण? जो वस्तू जाणतो आणि जशी जाणतो तशी सांगतो. औषधाचे लेबल हे असे आप्तवचन असायला हवे. पण लेबल लिहिणाऱ्यालाच बाटलीत काय आहे हे ठाऊक नसेल तर?

1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सडलेली साखळी उघड केली. अमेरिकेत 1937 मध्ये याच रसायनाने शंभरावर माणसे मेली आणि पुढल्याच वर्षी तिथे कडक कायदा झाला. आपल्याकडे अहवाल झाला, आणि 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. वीसहून अधिक मुले गेली. तमिळनाडूत बनलेल्या कोल्ड्रिफ या सिरपच्या त्या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के निघाले. चालते किती? 0.1 टक्के.

त्या आईबापांनी लेबल वाचले असते तर मुले वाचली असती का? त्या विषाबद्दल तर नाहीच. ते रसायन रंगहीन, चवीला गोड. डोळ्यांनी, जिभेने कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते, आणि प्रयोगशाळा शासनाची आणि कारखान्याची जबाबदारी आहे. म्हणून "ग्राहकांनी जागरूक राहावे" असे कोणी अधिकारी म्हणाला की आम्हाला राग येतो. जागरूक राहू, पण जे छापलेच नाही ते वाचणार कसे? पवनेपलीकडे पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती सरकारने औषधाची जबाबदारी अंगावर घेतली म्हणून. ती जबाबदारी ग्राहकाच्या चष्म्यावर ढकलता येणार नाही.

मात्र एक गोष्ट आपल्या हातात उरते. मुलाला त्या बाटलीची गरज होती का, हा प्रश्न. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सांगितले होते की क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. कोल्ड्रिफमध्ये हीच जोडी होती. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधे नकोत, पाचखाली सहसा नकोत. मुलांची साधी सर्दी विषाणूची असते, आठवडा-दहा दिवसांत आपोआप जाते. अँटिबायोटिकचाही तिथे उपयोग नाही. पाणी, अंगावरचे दूध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला चमचाभर मध. वर्षाच्या आत मध मुळीच नको. मूल भराभर श्वास घेऊ लागले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, प्यायचे थांबले, लघवी कमी झाली, तर मात्र एक मिनिटही घरी थांबू नका.

कोणी म्हणेल, प्रोफेसर, औषध न देणे हे आजीच्या जिवाला पटत नाही. खरे आहे. नातू रात्रभर खोकतो तेव्हा आमच्याही घरात बाटलीकडे हात जातो. काहीतरी केल्याचे समाधान हवे असते. पण ते समाधान आपले असते आणि औषध त्याच्या पोटात जाते.

तेव्हा उद्या दुकानात "सेफ द्या" म्हणू नका. वाक्य पुरे करा. "मी बहात्तर वर्षांचा आहे, प्रोस्टेट आहे, रक्तदाबाची अमुक गोळी चालू आहे, नुसतं नाक वाहतंय. यात काय काय आहे ते वाचून दाखवा." मागे रांग उभी असेल, लोक कुरकुरतील. कुरकुरू देत. आम्ही हल्ली असेच करतो, आणि परवा दुकानातल्या मुलाने पट्टी वाचली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, तुम्ही ही नका घेऊ."