गोदाम व्यवस्थापनाच्या संगणक प्रणाली : एक तुलनात्मक समीक्षा (लालबाग-परळ परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक :
गोदाम हे मध्य मुंबईच्या अर्थजीवनाचे दुर्लक्षित अंग होय. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर परळ-लालबागमधील कापसाचे व कापडाचे साठे ओसरत गेले, मशीद बंदरची घाऊक मसाला बाजारपेठ वाशीला हलली आणि मुंबईच्या जकात हद्दीबाहेर भिवंडीत विस्तीर्ण गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात संपुष्टात आली, तरी भिवंडीचे महत्त्व घटले नाही. लालबाग-दादरमध्ये उरली ती दुकानामागची व पोटमाळ्यावरची अरुंद गोदामे.

गोदाम प्रणालींची तुलना सामान्यतः सुविधांच्या यादीवरून केली जाते. प्रस्तुत लेखात ती तीन प्रश्नांच्या आधारे केली आहे : मालाचे ज्ञान कोठे साठते, यंत्राला आज्ञा कोण देते आणि हमालाच्या श्रमाची नोंद कशी होते.

प्रणालींची तुलना :
‘टॅली’ ही मूलतः हिशेबाची प्रणाली आहे. तीत गोदामनिहाय साठा, लॉट व मुदत यांची नोंद होते. मात्र माल कोणत्या क्रमाने उचलावा हे ती सांगत नाही. ‘ओडू’मध्ये आधी आलेला किंवा आधी मुदत संपणारा माल प्रथम काढण्याचे नियम ठरवता येतात. तिची मूळ आवृत्ती मुक्तस्रोत असली, तरी बारकोडचे अधिकृत अंग सशुल्क आवृत्तीतच मिळते. ‘सॅप’ची विस्तारित गोदाम प्रणाली कप्प्याकप्प्याचा हिशेब ठेवते, सरकत्या पट्ट्यांसारख्या यंत्रांना थेट आज्ञा देऊ शकते आणि कामगाराचा अपेक्षित व प्रत्यक्ष वेळ ताडून पाहते. २०११ मध्ये भारतात स्थापन झालेल्या ‘ग्रेऑरेंज’ची प्रणाली यंत्रमानवांच्या हालचालींचे नियोजन करते. म्हणजेच पहिल्या दोन प्रणाली मुख्यतः नोंद ठेवतात, तर नंतरच्या दोन काम चालवतात. हा भेद न करता सर्वांना एकाच कोष्टकात बसवणे ही प्रचलित तुलनेची पहिली उणीव होय.

समीक्षा :
दुसरी उणीव मालाच्या स्वभावाविषयी आहे. उन्हाळ्यात भरलेली ब्याडगी किंवा संकेश्वरी मिरची साठवणीत वाळते व तिचे वजन घटते. व्यापारी ही घट अनुभवाने गृहीत धरतो. संगणकात मात्र ती ‘तफावत’ म्हणून उमटते आणि संशयाची सुई गोदाम सांभाळणाऱ्याकडे वळते.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आकारास आला. त्यानुसार नोंदीत मालक मजुरी व तीवरील लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती कामगारांना देते. काम टोळीने होते. मजुरी बहुधा गोणी वा वजनावर ठरून टोळीत वाटली जाते. याउलट, श्रममापन करणारी प्रणाली एकेका व्यक्तीचे मिनिट मोजते. जड गोणीला दोघांनी हात लावणे, वयस्क सहकाऱ्यास हलके काम देणे, या टोळीच्या रीती तिच्या लेखी केवळ मंदगती ठरतात.

तथापि नोंद ही कामगारविरोधीच असते असे मानणे एकांगी ठरेल. बारकोडने झालेली गोण्यांची मोजणी टोळीलाही पाहता आली, तर मजुरीच्या वादात तोच तिचा पुरावा होईल. प्रश्न तंत्राचा नसून नोंदीवरील अधिकाराचा आहे.

निष्कर्ष :
लालबागच्या एका पेढीस लॉटनिहाय नोंद देणारी साधी हिशेब प्रणाली पुरेशी आहे. दोन-तीन ठिकाणी साठा असल्यास उचलीचे नियम देणारी प्रणाली उपयुक्त ठरते. यंत्रचालित प्रणाली भिवंडीच्या व्यापासाठीच सयुक्तिक होय. मात्र कोणतीही निवड करताना घट स्वतंत्रपणे नोंदवता येते काय, टोळीचे काम टोळीच्या नावे राहते काय आणि ती नोंद हमालाला वाचता येते काय, हे तीन निकष तुलनेत समाविष्ट होणे आवश्यक आहे. त्यांविना केलेली तुलना ही विक्रेत्याच्या माहितीपत्रकाचीच पुनरावृत्ती ठरते.