आवर्तकाळ जुळला, म्हणजे कारण सापडलं का?

वर मॅग्नेटोमीटरची नोंद, खाली रायोमीटरची. दोन्हींत साधारण पाच मिनिटांची लहर. आणि आकृतीखाली निष्कर्ष: भूचुंबकीय स्पंदनांमुळे ध्रुवीय आयनांबरात बदल झाले. संशोधनाची तयारी करताना अशी मांडणी तुमच्या वाचनात येईलच. माझा आक्षेप त्यातल्या 'मुळे' या शब्दावर आहे.

सुरुवात वर्गवारीपासून करू. जेकब्स, कातो, मात्सुशिता आणि त्रोइत्स्काया यांनी 1964 मध्ये दिलेला तक्ता आपण आजही वापरतो. सलग स्पंदनं पीसी-1 ते पीसी-5, अनियमित स्पंदनं पीआय-1 आणि पीआय-2. पीसी-5 म्हणजे 150 ते 600 सेकंदांचा आवर्तकाळ. तक्ता सोयीचा आहे, पण तो लहर कुठून आली हे सांगत नाही. सौरवाऱ्याचा दाब खालीवर होणं, चुंबकांबराच्या कडेवरची अस्थिरता, आत फिरणारे आयन, यांतलं काहीही पीसी-5 उठवू शकतं. पिनकोडवरून माणसाचा व्यवसाय ओळखण्यातला हा प्रकार आहे.

दुसरी अडचण मोठी आहे. जमिनीवरच्या मॅग्नेटोमीटरला चुंबकांबरातली लहर थेट दिसत नाही. त्याला दिसतात ते मुख्यतः 100-120 किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातले प्रवाह. ह्यूज आणि साउथवूड यांनी 1970च्या दशकात दाखवलं, की या थरातून खाली येताना लहरीची चुंबकीय दिशा सुमारे 90 अंशांनी वळते आणि थराच्या उंचीपेक्षा लहान रचना जमिनीवर पुसट होतात.

आता साखळी बघा. लहरीमुळे इलेक्ट्रॉनचा वर्षाव कमी-जास्त होतो, रायोमीटर ते टिपतो. वर्षावानं वाहकता बदलते. विद्युतक्षेत्र अगदी स्थिर असलं, तरी वाहकता बदलली की प्रवाह बदलतो आणि मॅग्नेटोमीटरवर तोच आवर्तकाळ उमटतो. म्हणजे बाण दोन्ही दिशांनी जातो! नुसत्या कोहेरन्सवरून दिशा ठरवता येत नाही.

त्यात आकडेमोडीचा सापळा. सेकंदाला एक याप्रमाणे तासाभरात 3600 बिंदू मिळतात. पण 3 ते 4 मिलिहर्ट्झचा फिल्टर लावलात, तर स्वतंत्र मूल्यं उरतात साधारण सातच. दोन असंबद्ध नोंदीसुद्धा इतक्या अरुंद पट्ट्यात छान जुळलेल्या दिसू शकतात.

मग चांगला पुरावा कसा असतो? वॉकर आणि सहकाऱ्यांचं 1979चं काम वाचा. स्कँडिनेव्हियातल्या 'स्टेअर' रडारनं त्यांनी आयनांबरातल्या प्रवाहाचा वेग, म्हणजे पर्यायानं विद्युतक्षेत्र मोजलं. एका अक्षांशावर लहर सर्वांत मोठी आणि ते ओलांडताना कला सुमारे 180 अंशांनी बदलते, असं त्यांना दिसलं. क्षेत्ररेषेच्या अनुनादाकडून नेमकी हीच अपेक्षा असते. इथे आवर्तकाळापलीकडचं भाकीत तपासलं गेलं.

आपल्याकडे पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेमुळे अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारतीच्या नोंदी आहेत. मोलाच्या आहेत, पण या दोन केंद्रांत अक्षांशाबरोबर रेखांशाचाही मोठा फरक आहे (सुमारे 12 आणि 76 अंश पूर्व). त्यामुळे एकाच रेखावृत्तावरच्या साखळीचं काम त्यांच्याकडून करून घेता येणार नाही.

एकलहऱ्यात औष्णिक वीजकेंद्राजवळ मॅग्नेटोमीटर लावला, तर वाचन संशयानंच घ्यावं लागेल, हे इथे कुणालाही पटेल. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला गेली, तेव्हा 1904 ते 1906 दोन्हीकडे एकत्र नोंदी घेतल्या गेल्या. जागा बदलल्यानं आकडा किती बदलतो, ते आधी तपासलं. आयनांबराच्या बाबतीत मात्र आपण तो मधला थर जणू काचेसारखा पारदर्शक धरून चालतो.

म्हणून असा निबंध हातात आला की तीन गोष्टी शोधा: विद्युतक्षेत्र वेगळं मोजलंय का, कला अक्षांशानुसार तपासली आहे का, आणि स्वतंत्र मूल्यं किती आहेत. तिन्ही नसतील तर निबंध टाकून देऊ नका. फक्त 'मुळे'च्या जागी 'बरोबर' वाचा. स्वतःचा प्रबंध लिहितानाही तोच शब्द वापरा, जोवर दुसरा कमावलेला नाही.